सातने भाग जाणारा बैल

२० डिसेंबर, शनिवार

काल येळवस, म्हणजे वेळ अमावास्या झाली. जत्रा समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब, त्यांच्या शेतात जेवण होतं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. त्यांच्या पत्नी तारामतीवहिनी वाढता वाढता त्यांना काहीतरी सांगत होत्या. आप्पासाहेब म्हणाले, "आंबिलीत मीठ कमी हाय." मलाही तसंच वाटलं.

जेवण इतकं झालं की आज सकाळी चपलेत पाय घालायला वाकता येईना. अशा अवस्थेत आप्पासाहेब दारात उभे. म्हणाले, "सर, सोमेश्वराच्या जत्रेत यंदा जनावरांच्या प्रदर्शनाचे चिटणीस तुमी. न्हाई म्हनायचं न्हाई."

मला धक्काच बसला. बत्तीस वर्षं लातूरला गणित शिकवून मी या आमच्या येळवण गावी परत आलो त्याला दोन वर्षं होतील. एवढ्या काळात लग्नपत्रिकेवर नाव छापण्यापलीकडे गावाने माझ्यावर काही सोपवलं नव्हतं. आत जाऊन गोदावरीला सांगितलं.

"म्हणजे नोंदवही तुमच्याकडे राहणार?" तिने विचारलं.

"अर्थातच."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "बरं झालं." माझ्याविषयी एवढा अभिमान तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

प्रदर्शन फक्त देवणी वळूंचं. त्यातले प्रकार आप्पासाहेबांनी मला समजावून दिले. वानेरा म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळं. शेवरा म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे डागच डाग. आप्पासाहेबांचा स्वतःचा वळू वानेरा. त्याचं नाव येळवण केसरी. तीन वर्षं पहिला नंबर सोडलेला नाही. यंदा गुरुवारी बक्षीस झालं की ते त्याला हैदराबादच्या कोणा शेठला नजराणा म्हणून देणार आहेत. "शेठचं फार्महाऊस लई मोठं हाय," ते म्हणाले. "मोर हायत, घोडे हायत, हरएक जातीचा एकेक बैल हाय. आपला बैल बंगल्याच्या म्होरं उभा राहील, सर. गावाची इज्जत वाढंल."

खरंच गौरवाची गोष्ट. नोंदवहीला आज पिवळं कव्हर घातलं.

२२ डिसेंबर, सोमवार

जत्रा भरली. पाळणे, बांगड्या, गोडीशेव आणि देवळावरचा भोंगा. भोंग्याचं तोंड नेमकं माझ्या टेबलाकडे आहे. दिवसभरात चौतीस वळूंची नोंद केली. मालक, गाव, प्रकार, दात, आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर. बिल्ला महत्त्वाचा. माणूस खोटं बोलेल, बिल्ला बोलणार नाही.

केसरीला मारोती घेऊन आला. मारोती आप्पासाहेबांकडे पंधरा वर्षं सालगडी आहे. अबोल माणूस. एवढा डोंगरासारखा वळू, पण त्याच्या मागून शेळीसारखा आला. बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे ४४१७. सहज मनात भाग लावून पाहिला तर सातने पूर्ण जातो! सहाशे एकतीस. मी मारोतीला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, सर."

घरी आलो तर तारामतीवहिनी आमच्या स्वयंपाकघरात बसलेल्या. डोळे लाल. कांदा चिरत होत्या असणार, पण ताटात कांदा दिसला नाही. मी गेल्यावर दोघीही बोलायच्या थांबल्या. चहा मागितला तर गोदावरीने आप्पासाहेबांच्या वळूची चौकशी सुरू केली. कोणत्या खुंट्याला बांधलाय, मारोती जेवायला कधी जातो, वगैरे. तिला प्रदर्शनात इतका रस आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मांडवाचा नकाशाच काढून दिला.

२३ डिसेंबर, मंगळवार, सकाळ

आठ वाजता बचत गटाच्या बायकांनी सोमेश्वराला कलश नेला. पुढे गोदावरी, मागे तीसेक बायका, मधोमध झूल पांघरलेला बैल. झेंडूच्या माळांनी त्याचं तोंडसुद्धा झाकलेलं. गर्दी एवढी की मिरवणूक मांडवाशी अडकली. शेवटी मीच शिट्टी वाजवून, हात पसरून वाट मोकळी करून दिली. बैल माझ्याजवळ थांबला आणि बाहीला नाक घासलं. मी नमस्कार केला. गोदावरी वळून माझ्याकडे बघून हसली. लग्नात अशी हसली होती.

सकाळी नऊ

केसरी गायब!! खुंटा आहे, दावं नाही, वळू नाही! एवढं मोठं जनावर, भर जत्रेत, दिवसाढवळ्या! नोंदवही मात्र जागेवर आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आप्पासाहेब दिवसभर भोंग्यावरून ओरडत होते. जत्रेच्या चौकीतले जमादार साहेबराव चार शिपाई घेऊन पाळण्यांच्या खालीसुद्धा बघून आले. कोणी काही पाहिलेलं नाही. मी तर आठपासून मांडवाच्या तोंडाशीच उभा होतो. माझ्यासमोरून मिरवणुकीशिवाय काहीही गेलेलं नाही.

राखणीला मारोती होता. तो म्हणतो, मला कामाला पाठवलं होतं. "कोणी पाठवलं?" आप्पासाहेबांनी विचारलं. मारोतीने आप्पासाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एक डोळा मिटला. डोळ्यात कडब्याचं कुसळ गेलं असावं. उत्तर मात्र दिलं नाही.

तपासाची जबाबदारी मी स्वतःहून घेतली. गणितात जे दिलेलं असतं त्यावरून न दिलेलं काढता येतं.

गोदावरी उशिरा घरी आली. बोटं काळीकुट्ट. "तवे घासले गटाचे," म्हणाली. मागच्या गोठ्याला कडी लावलेली. आत पापडांचं वाळवण आहे, जाऊ नका असं तिने बजावलं. बंद गोठ्यात वाळवण कसं वाळेल असं मनात आलं. पण आधीच डोक्यात केसरी होता.

२४ डिसेंबर, बुधवार

आज धक्क्यांवर धक्के.

सकाळी केस रंगवायला बसलो तर डब्यात डायचं एकही पाकीट नाही! मागच्याच महिन्यात लातूरहून बारा आणली होती. गोदावरीला विचारलं. ती म्हणाली, "संपली असतील." बारा पाकिटं एका महिन्यात मी कशी संपवीन? उमाशंकरच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "काली मेहंदी खलास, सर. काल गावातल्या बायकांनी सगळी उचलली." जत्रेत सगळ्यांनाच तरुण दिसायचं असतं. पांढरं डोकं घेऊन मांडवात गेलो. जनावरांच्या डॉक्टर सृष्टी, शिरूर अनंतपाळच्या दवाखान्यातून आलेल्या, माझ्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, मोठा त्याग केलात." पोरगी विचित्र आहे.

मग एक चांगली गोष्ट. चाकूरकडच्या दीपमालाबाई म्हणून एक विधवा बाई स्वतःचा वळू घेऊन आल्या. नोंदणीची मुदत कालच संपली होती, पण एक बाई एकटी एवढं जनावर घेऊन येते, तिला परत कसं पाठवायचं? मी माझ्या अधिकारात नोंद घेतली. वळू शेवरा. काळे डाग असे ठसठशीत की नजर ठरत नाही. अंगाला कसला तरी ओळखीचा वास येत होता. कुठला ते आठवेना. बिल्ल्याचे शेवटचे चार ४४१७. यालाही सातने भाग जातो! यंदा सातचा पाढा जोरात आहे. डॉक्टरांना मुद्दाम वही दाखवली. त्यांनी दोन्ही पानं उलटून पाहिली, त्यांना जोराचा ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग म्हणाल्या, "सर, तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही."

शेवऱ्याने जाता जाता माझ्या बाहीला नाक घासलं. जनावरांना मी आवडतो असं दिसतंय.

दुपारी मारोतीला परत गाठलं. एकटाच होता.

"मारोती, खरं सांग. कोणी पाठवलं तुला?"

तो हसला. पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "सर, तुमी कामून इचारून राहिले? आपन दोघंच हावत इथं."

"म्हणूनच विचारतोय."

"लई पक्के हाव तुमी," तो म्हणाला आणि पेंड कालवायला लागला.

ज्याची बैल राखायची जबाबदारी, तोच हसतो. माणूस दिसतो तसा नसतो.

२५ डिसेंबर, गुरुवार, दुपार

शेवरा गटात दीपमालाबाईंचा वळू पहिला आला. बाईंना रडू कोसळलं.

रात्रभर विचार करून निष्कर्ष काढला होता. सकाळी तो अहवाल म्हणून स्वच्छ अक्षरात लिहून आप्पासाहेबांना दिला. वळू ओळखीच्या माणसामागूनच शांतपणे जातो. ओळखीचा माणूस एकच. तो माणूस कोणी पाठवलं ते सांगत नाही, उलट हसतो. म्हणून मारोती. खाली सही केली.

आप्पासाहेबांनी अहवाल वाचला आणि तसेच देवळात जाऊन भोंग्यावरून सांगितलं, "चोर घावला! मारोतीनंच बैल इकला!" जमादारांनी मारोतीचा दंड धरून त्याला चौकीत बसवलं. मारोती माझ्याकडे बघत होता.

घरी येऊन गोदावरीला सांगितलं. तिच्या हातातली कळशी पडली.

"लिहून दिलंत?"

"हो."

"सहीसकट?"

"अहवालावर सही लागतेच."

ती माझ्याकडे कोणी परका घरात शिरल्यासारखी बघत राहिली. मग चप्पल न घालताच बाहेर पडली. स्वयंपाकघरभर पाणी झालंय. माझ्या तर्काचा तिला धक्का बसला असावा.

चार वाजता बक्षीस समारंभ. निघतो.

२६ डिसेंबर, शुक्रवार

काल परत आल्यावर काही लिहिलं नाही. आता जसं घडलं तसं लिहितो.

समारंभात आप्पासाहेबांनी दीपमालाबाईंना ढाल दिली, शेवऱ्याच्या गळ्यात हार घातला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माईकवर म्हणाले, "असं जनावर आपल्या दावणीला पाहिजे व्हतं!" टाळ्या झाल्या. मांडवाबाहेर हैदराबादची गाडी रिकामी उभी होती. तेवढ्यात जमादार मारोतीला जीपकडे घेऊन निघाले, शिरूरच्या ठाण्यात न्यायला.

गर्दीतून तारामतीवहिनी आल्या. तीस वर्षांत त्यांना कोणी समारंभाच्या जागी पाहिलेलं नाही. मागे गोदावरी, अनवाणी.

"हात सोडा त्याचा," वहिनी जमादारांना म्हणाल्या.

"तू कामून आलीस इथं?" आप्पासाहेब व्यासपीठावरून म्हणाले. "घरी जा."

वहिनींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि लेकराला जेवायला हाक मारावी तशी हाक मारली.

"चिमण्या! ये रं माय."

शेवऱ्याचे कान उभे राहिले. त्याने मान झटकली, खुंटा उपटला आणि निघाला. माणसं दोन्ही बाजूंना पळाली. ढाल पडली, खुर्च्या पडल्या. दाव्यामागे खुंटा फरफटत तो एवढा थोरला देह वहिनींसमोर आला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली. वहिनी वाकल्या, पण मागे सरल्या नाहीत.

जत्रेत पहिल्यांदाच शांतता झाली. पाळणेवाल्यानेही पाळणा थांबवला. वर बसलेली माणसं तिथूनच बघत होती.

"ह्यो माझा चिमण्या," वहिनी म्हणाल्या. "तुमचा केसरी."

"आगं पन..." आप्पासाहेब म्हणाले. "ह्याच्या अंगावर डाग हायत!"

"ते यांचे आहेत," गोदावरी माझ्याकडे बोट करून म्हणाली. "यांच्या केसांचे. बारा पाकिटं लावली. मागचे पाय राहिले, म्हणून बाकीची दुकानातून आणली."

सगळं गाव माझ्या डोक्याकडे बघायला लागलं. मी खुर्चीत होतो म्हणून बरं. उभा असतो तर खाली बसलो असतो.

मग वहिनी बोलल्या. माईकवर नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. लंपीच्या पहिल्या साथीत याची माय गेली तेव्हा हा चार दिवसांचा होता. त्यांनी बाटलीने दूध पाजलं, थंडीत स्वतःची गोधडी घातली, जखमांना हळद लावली. "घरात बोलायला कोन हाय मला?" त्या म्हणाल्या. "लेकरं पुन्याला. तुमी समितीत. मी ह्याच्यासंग बोलते. त्यो ऐकतो तरी. त्याला त्या बंगल्याम्होरं बांधून ठिवनार, त्यानं कोनाचं ऐकायचं तिथं?"

"आगं, मग मला सांगायचं की!" आप्पासाहेब ओरडले.

"सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "येळवशीला, वाढताना. तुमी मनलाव, मीठ कमी हाय."

कोणी हसलं नाही. मी त्याच पंगतीत होतो.

आप्पासाहेब व्यासपीठाच्या कडेला बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. बराच वेळ त्या बैलाकडे आणि बाईकडे बघत राहिले. मग खिशातून फोन काढला. "शेठ, मुआफी असावी. बैल न्हाई देता येत." तिकडून काहीतरी विचारलं असावं. "न्हाई, बिमार न्हाई. माझा न्हाई त्यो. मला आत्ता कळलं."

हैदराबादची गाडी रिकामीच वळली.

मला वाटलं, झाले तेवढे धक्के पुरे. पण डॉक्टर सृष्टी जवळ आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "सर, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

"दोन्ही पानांवर एकच नंबर आहे. बाराच्या बारा आकडे. तुमच्याच अक्षरात. मला वाटलं, तुम्ही सामील आहात. म्हणून मी गप्प बसले."

मी वही उघडली. पान सात, पान नऊ. ४४१७. ४४१७. बत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांत चूक शोधली.

एकट्या डॉक्टरच नव्हेत. सगळ्या बायकांना वाटत होतं की मी त्यांच्यातलाच आहे. मिरवणुकीला मी वाट करून दिली. मुदत संपल्यावर दीपमालाबाईंची नोंद घेतली, म्हणजे केसरी त्यांचा शेवरा म्हणून उघडपणे गावाबाहेर नेता यावा. डाय गेला तरी बोभाटा केला नाही. गावात म्हणे दोन दिवस माझं नाव निघत होतं, की मास्तर वरून भोळा दिसतो पण आतून लई पोहोचलेला. दुपारी भोंग्यावरून मारोतीचं नाव ऐकलं तेव्हा त्यांना कळलं की मास्तर आतूनही भोळाच आहे.

मी मारोतीला शोधायला लागलो. तो केव्हाच बैलाचं दावं हातात घेऊन वहिनींच्या मागून घरी निघून गेला होता.

घरी आल्यावर गोदावरीला विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

ती फरशी पुसत होती. दुपारचं पाणी तसंच होतं.

"पहिल्यांदा भीती वाटली, तुम्ही वहीत लिहाल," ती म्हणाली. "मग मिरवणुकीला तुम्ही शिट्टी वाजवलीत. मला वाटलं, यांना न सांगताच कळलं. मी सगळ्यांना सांगत सुटले, आमचे हे आपल्या बाजूने आहेत म्हणून."

तिने फडकं पिळलं. "दोन दिवस फार बरं वाटलं मला," ती म्हणाली.

२७ डिसेंबर, शनिवार

घराबाहेर पडलो नाही. समितीने नोंदवही परत मागितलेली नाही. मीही विचारलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

सकाळी मारोतीच्या घरी गेलो. गावाच्या टोकाला, पत्र्याचं घर. तो दोर वळत बसला होता. मला बघून उठला. एवढं झाल्यावरही उठला, याचाच मला धक्का बसला. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि आत गेली.

"मारोती, माझं चुकलं," मी म्हणालो. येताना बरंच काही जुळवून आणलं होतं, तेवढंच निघालं.

तो दोर वळत राहिला. मग म्हणाला, "मला वहिनींनी पाठवलं व्हतं. गोदावरीवहिनींनी. पेंडीचं पोतं आन म्हनल्या. मला समजलं, काय चाललंय ते. तारामतीअक्काचं त्या बैलावर किती मन हाय ते मलाच ठाऊक. मी मनलं, बरं झालं. आन सरबी हायत संगं, तर मग भेव कशाचं?"

"म्हणून तू हसलास."

"हाव. मला वाटलं, सर नाटक करून राहिले. भोंग्यावर माझं नाव आलं तवाबी मनलं, सरांच्या डोस्क्यात काही असंल. शिकलेला मानूस हाय, पुढचं बघून केलं असंल." त्याने दोराला पीळ दिला. "जमादारानं दंड धरला तवा मी तुमच्याकडंच बघत व्हतो, सर. आता बोलतील, आता बोलतील."

चहावर साय धरली.

"मी काय करू, सांग," शेवटी मी म्हणालो.

"मला काय करायचं? माझं काय न्हाई." तो आतल्या दाराकडे बघत हळूच म्हणाला, "पोरगी सासरी हाय शिरूरला. तिच्या सासऱ्याचं दुकान हाय जत्रेत. त्यानं भोंगा ऐकला. चोर म्हनून. बैल घावला ते त्यानं बघितलं का न्हाई, म्हाईत न्हाई."

२९ डिसेंबर, सोमवार

आज जत्रेचा शेवटचा दिवस. दहा वाजता देवळाच्या ओट्यावर चढलो. माईक आप्पासाहेबांकडे होता. ते म्हणाले, "आधी मला बोलू द्या, सर. नाव मी घेतलं व्हतं." ते बोलले. दोनच वाक्यं, पण मारोतीचं पूर्ण नाव घेऊन, बापाच्या नावासकट. मग माईक माझ्या हातात दिला.

मी कागद लिहून नेला होता. वाचायला लागलो आणि दुसऱ्या ओळीवर अडकलो. "उपरोक्त प्रकरणी" असं मीच लिहिलं होतं. खाली बायका, म्हातारे, दुकानदार, सगळे वर बघत होते. कागद खिशात ठेवला.

"मी वसंतराव मास्तर बोलतोय," मी म्हणालो. "मी मारोतीवर खोटा आळ घेतला. तो चोर नाही. बैल माझ्या डोळ्यांसमोरून गेला, मला दिसला नाही. त्याच्या कानातला नंबर मी दोनदा लिहिला, मला कळला नाही. मारोतीला सगळं ठाऊक होतं आणि त्याने कोणाचं नाव सांगितलं नाही. शिरूरचे त्याचे व्याही जत्रेत असतील तर त्यांनी हे ऐकावं. नसतील तर मी त्यांच्या घरी येऊन सांगेन."

माईक चालूच होता. माझा श्वास सगळ्या जत्रेत ऐकू जात होता. मग माईक बंद झाला. आप्पासाहेबांनीच बटण दाबलं.

खाली मारोती उभा होता. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ, हातात रेवड्यांचा पुडा. त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले. कोण असतील ते मी विचारलं नाही. मारोतीच्या चेहऱ्यावरून कळलं.

ओट्याच्या पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या होत्या. मी पहिल्या पायरीवर डगमगलो. मारोती दोन पायऱ्या वर आला.

"दमानं, सर," तो म्हणाला. "हात द्या."

दिला. खाली उतरल्यावरही त्याने तो लगेच सोडला नाही. म्हणाला, "लई जोरात बोललाव तुमी. मांडवातले बैल बुजले." आणि टोपीवाले गृहस्थ पोट धरून हसले.

घरी आलो तेव्हा गोदावरी ओसरीत बसली होती. तिने भोंग्यावरून सगळं ऐकलेलं. उठून माझ्यासाठी पाट मांडला, समोर स्वतःसाठी दुसरा मांडला. असं आम्ही कधी बसत नाही. ती नेहमी नंतर जेवते.

मी बसलो. भाकरी मोडली. मग विचारलं, "गोदावरी, अजून काही आहे का, तू सांगितलेलं आणि मी न ऐकलेलं?"

तिने घास तोंडात ठेवला, चावला, पाणी प्यायली.

"आहे," ती म्हणाली. "पुष्कळ आहे. संगीताच्या प्रवेशिका परीक्षेला बसतेय मी. दोन वर्षं झाली, दर मंगळवारी शिरूरला जाते गायला. तुम्ही झोपलेले असता."

दुपारचे तीन वाजलेत. तिने पेटी काढली आहे. ही पेटी आमच्या घरात होती हेही मला माहीत नव्हतं. ती म्हणते, लिहिणं आधी बंद करा.